खळ्यावर थांबलेला हिशेब

राजारामपुरीत घर आणि करवीर, कागल किंवा गडहिंग्लज तालुक्यातल्या मूळ गावी अद्याप दोन-तीन एकर जमीन, अशी परिस्थिती असलेली कुटुंबे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्यांच्या बैठकीत शेतीचा विषय निघाला म्हणजे एक वाक्य अशा निश्चयाने उच्चारले जाते, की त्यापुढे विचार करण्याचे प्रयोजनच उरू नये: ‘शेंग आता परवडत नाही.’ त्याच्या पाठोपाठ पाणी असेल तर ऊस लावण्याचा आणि नसेल तर सोयाबीन टाकण्याचा सल्ला येतो, आणि ज्या माळाच्या तांबड्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या भुईमूग पिकला तिचा निकाल एका वाक्यात लागतो.

हे मत सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते उथळ आहे असे म्हणतो. कोणाला परवडत नाही, कशाच्या तुलनेत परवडत नाही आणि किती मुदतीच्या जमाखर्चात परवडत नाही, हे तिन्ही प्रश्न ते न विचारताच निकालात काढते. लहान जमिनीवरील भुईमुगाच्या तोट्याचा मोठा भाग हिशेब खळ्यावर थांबविल्यामुळे निर्माण होतो; आणि तो भाग वजा जाता जो खरा तोटा शिल्लक राहतो, त्याचे मूळ बाजारभावापेक्षा बियाण्यात आणि तोडणीत अधिक आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

१. एका एकराची तीन उत्तरे

प्रथम एक नमुन्याचा हिशेब मांडू. त्यातील आकडे कोणा एका शेतकऱ्याच्या वहीतले नाहीत. युक्तिवाद स्पष्ट व्हावा म्हणून ते गृहीत धरले आहेत, आणि वाचकाने आपल्या गावच्या दरांप्रमाणे ते अवश्य बदलावेत. खरिपातील एक एकर जिराईत जमीन घ्या. नांगरट व कुळवाची पाळी ४,००० रुपये, चाळीस किलो दाण्यांचे विकतचे बियाणे ६,०००, शेणखत ३,०००, रासायनिक खत व जिप्सम मिळून ३,०००, बीजप्रक्रिया व औषधे १,५००, पेरणी १,०००. एकंदर रोख खर्च १८,५०० रुपये. भांगलण, कोळपण, काढणी आणि शेंगा तोडणे यांस लागणारे श्रम चाळीस दिवसांचे धरले व रोज ३०० रुपये लावला, तर १२,००० रुपये होतात. जमिनीचा खंड आणि गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज मिळून १०,००० धरू. वाळलेल्या शेंगांचे उत्पन्न सहा क्विंटल आणि हाती आलेला भाव ६,००० रुपये; म्हणजे आवक ३६,००० रुपये.

आता नफा किती? सर्व श्रम घरचे असतील व त्यांची किंमत धरली नाही, तर १७,५०० रुपये उरतात. श्रमांचे मोल धरले तर ५,५०० उरतात. खंड व व्याज धरले तर शेत ४,५०० रुपये तोट्यात जाते. शेत तेच, पाऊस तोच, भावही तोच. आणि तरीही उत्तरे तीन आहेत व तिन्ही बरोबर आहेत. गावी राहून घरच्या हातांनी शेत कसणारा पहिल्या उत्तरावर जगतो, मजूर लावणारा दुसऱ्यावर. आणि राजारामपुरीत राहून जमीन दुसऱ्याकडून कसवून घेणारा स्वाभाविकपणेच तिसऱ्या उत्तराने बोलतो. सार्वत्रिक सत्य म्हणून जे वाक्य फिरते ते वस्तुतः या तिसऱ्या इसमाचे आहे, आणि पहिल्याने ते आपलेसे केले, तर तो दुसऱ्याच्या वहीवरून आपल्या शेताचा निर्णय घेत आहे असे म्हणावे लागेल.

२. घरच्या श्रमांचे मोल

येथे अर्थशास्त्रातील एक जुना वाद आठवणे उपयुक्त ठरेल. शेताचा जमाखर्च काटेकोरपणे तपासण्याची परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची केलेली पाहणी १९४० सालीच प्रसिद्ध झाली. पुढे १९५४-५५ पासून सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्या करविल्या. मुंबई राज्यात त्यासाठी अहमदनगर व नाशिक हे जिल्हे निवडले होते. या पाहण्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. घरच्या माणसांच्या श्रमांना चालू मजुरीचा दर लावला की देशातील शेतीचा फार मोठा भाग तोट्यात दिसू लागे. १९६२ साली अमर्त्य सेन यांनी या कोड्याची उकल मांडली: कौटुंबिक शेतावरील श्रमांना मजुरीचा दर लावणेच अनेक ठिकाणी अप्रस्तुत आहे, कारण त्या श्रमांना बाहेर त्या दराने काम मिळण्याची शाश्वती नसते. रशियातील कृषि-अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह याने १९२० च्या दशकातच असे दाखविले होते, की शेतकरी कुटुंब कारखानदाराप्रमाणे नफा मोजत नाही. घराची गरज आणि कामाचा जाच यांचा मेळ पाहून ते किती राबायचे हे ठरविते.

हा विचार मला पुष्कळसा मान्य आहे, परंतु संपूर्ण नाही, आणि जेथे तो मान्य नाही तेथेच भुईमुगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. चायानोव्हच्या सिद्धांतात ‘कुटुंब’ हा एकसंध घटक आहे. कोल्हापूरकडील शेतात तो तसा नाही. नांगरट पुरुष करतो किंवा ट्रॅक्टरवाल्याकडून रोखीने करवून घेतो, म्हणून ती वहीत चढते. भांगलण बायका करतात, शेंगा बायका तोडतात, पेरणीपूर्वी बियाण्याच्या शेंगा रात्री बसून बायकाच फोडतात, आणि यांतले काहीच वहीत चढत नाही. ज्या पिकातील निम्म्याहून अधिक श्रम असे अलिखित राहतात, त्यात १७,५०० रुपये ‘उरतात’ असे म्हणताना ते कोणाच्या पाठीवर उरतात हेही सांगितले पाहिजे. बाहेर मजुरी मिळण्याची शाश्वती नव्हती तोवर सेन यांचे समर्थन पुरेसे होते. आज कागल आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती तालुक्यांच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच घरातील सुनेला किंवा मुलीला तेथे रोज मिळू शकतो, आणि मग तिच्या श्रमांना शून्य किंमत लावणे हिशेबात चुकीचे ठरते व न्यायातही. म्हणून पहिल्या उत्तराचा आधार घेऊन ‘शेंग परवडते’ असे सांगणाराही तितकाच उथळ आहे. मला माझे म्हणणे दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांच्या कसोटीवरच सिद्ध केले पाहिजे.

३. खळ्याच्या पलीकडची आवक

वर मांडलेल्या हिशेबात आवक म्हणून केवळ विकलेल्या शेंगा धरल्या आहेत. खळ्यावर पोती शिवली की हिशेब मिटला, अशी ही रीत आहे. परंतु पीक तेथे संपत नाही.

भुईमुगाचा वाळलेला पाला ही दुभत्या जनावरांची उत्तम वैरण आहे, आणि १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाल्यापासून ज्या जिल्ह्यात गावोगाव दुधाचा पैसा दहा-दहा दिवसांनी घरात येतो, तेथे वैरण म्हणजे रोकडच होय. एकरी आठ क्विंटल पाला आणि क्विंटलला ४०० रुपये धरले तरी ३,२०० रुपये होतात. तो विकत आणावा लागत नाही एवढ्यासाठीच तो उत्पन्नात धरला जात नाही, हे कोणत्याही खतावणीच्या नियमात बसणारे नाही. बियाण्याचे तसेच. साठ किलो चांगल्या भरलेल्या शेंगा घरी राखल्या, तर बाजारभावाने त्यांची किंमत ३,६०० रुपये होते आणि विकतच्या ६,००० रुपयांच्या बियाण्याची गरज भागते. बचत २,४०० रुपयांची. या दोनच बाबी धरल्या तरी ४,५०० रुपयांचा तोटा जाऊन १,१०० रुपयांचा नफा दिसू लागतो, आणि तोही खंड, व्याज व मजुरी पूर्ण धरून. रक्कम अल्प आहे हे मी जाणतो. परंतु तोटा आणि नफा यांमधील सीमारेषा एवढ्या क्षुल्लक नोंदींवर अवलंबून असेल, तर ‘परवडत नाही’ हा निकाल किती कच्च्या पुराव्यावर दिला जात आहे हे उघड होते.

याशिवाय मुळांवरील गाठींतून जिवाणू हवेतील नत्र बांधतात, त्याचा काही अंश पुढील पिकास मिळतो. त्याची रुपयांत किंमत मी येथे धरत नाही. ती जमिनीगणिक बदलते आणि अंदाजाने फुगविलेल्या हिशेबाने कोणाचेच भले होत नाही. घरातील तेल, कूट आणि चटणी यांचाही मी हिशेब धरलेला नाही. मात्र किराणा दुकानात शेंगतेलाचा भाव विचारणाऱ्या गृहिणीला त्याची किंमत ठाऊक आहे.

४. खरा खर्च: बियाणे

आता उरलेल्या खऱ्या तोट्याकडे वळू. भुईमुगाचे बियाणे हे या पिकाचे मर्मस्थान आहे, आणि शेतीवरील चर्चांत त्याविषयी जितके बोलले जावे तितके बोलले जात नाही. ज्वारीच्या एका एकराला तीन-चार किलो बी पुरते. भुईमुगाला चाळीस किलो दाणे लागतात. आमच्या नमुन्यातील सहा क्विंटल शेंगांतून, शंभर किलो शेंगांत सत्तर किलो दाणा धरला, तर ४२० किलो दाणे निघतात. म्हणजे चाळीसचे ४२०, जेमतेम साडेदहा पट. ज्या पिकात पेरलेले बी दहापटीनेच वाढते त्यात नवीन वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यास किती हंगाम लागतील याचा विचार करावा. शिवाय हे पीक स्वपरागित असल्यामुळे एकदा नेलेले बी शेतकरी पुढे स्वतःच राखू शकतो, बियाणे आकाराने अवजड असते आणि दाण्यांतील तेलामुळे त्याची उगवणशक्ती लवकर घटते. अशा मालात खासगी बियाणे कंपनीला स्वारस्य वाटू नये यात नवल नाही.

परिणामी संशोधन आणि शेत यांच्यामध्ये फार मोठे अंतर पडते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले प्रगतीपासून फुले उनप, फुले वारणापर्यंत अनेक वाण दिले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्र तर आमच्या अगदी शेजारचे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएजी-२४ सारखे वाण निर्माण केले. तरीही अनेक शेतांत दर वर्षी घरचे, मिसळलेले आणि नाव विसरलेले बी पडते. घरचे बी राखणे स्वस्त आहे हे मी वर दाखविले. परंतु ते वर्षानुवर्षे न बदलता राखले तर त्या स्वस्ताईची भरपाई उत्पन्नातून द्यावी लागते. एकरी एका क्विंटलची घट म्हणजे ६,००० रुपये. बियाण्यातील सारी बचत ती दुपटीने गिळते.

यास उपाय आहे, आणि तो महागडाही नाही. गावातील दोन-चार शेतकऱ्यांनी पाण्याखाली उन्हाळी हंगामात नव्या वाणाचे पायाभूत बियाणे घेऊन वाढवावे आणि जून महिन्यात तेच ताजे बी खरिपासाठी गावाला मिळावे, ही व्यवस्था विकास सोसायटीच्या आवाक्यातील आहे. ज्या सोसायट्या उसाचे कर्ज इतक्या नेटाने वाटतात व वसूल करतात, त्यांना चाळीस पोती बियाण्याचा बंदोबस्त अशक्य वाटावा, हे मला पटत नाही.

५. खरा खर्च: तोडणी

दुसरे मर्मस्थान तोडणीचे. भुईमुगाचे फूल जमिनीच्या वर उमलते, पण फलधारणेनंतर त्यातून निघणारी आरी खाली वाकून मातीत शिरते आणि शेंग मातीत भरते. सर्व अडचण या एका गुणधर्मात आहे. जमीन घट्ट झाली तर आऱ्या शिरत नाहीत, म्हणून त्या सुटण्यापूर्वी कोळपून माती भुसभुशीत ठेवावी लागते आणि त्याच सुमारास जिप्सम द्यावे लागते, कारण शेंगेला लागणारे कॅल्शियम ती मुळांपेक्षा स्वतःच्या कवचातून अधिक शोषते. एकदा आऱ्या सुटल्या की शेतात कोळपे फिरविता येत नाही. पुढचे सारे तण हातानेच. काढणीच्या वेळी वाफसा हवा. परतीचा पाऊस लांबला तर उपट्या वाणांच्या शेंगांना मातीतच मोड फुटतात, कारण त्यांना सुप्तावस्था नसते. आणि पाऊस अगोदर थांबला तर जमीन आवळते, आऱ्या तुटतात व वेल उपटला तरी शेंगा खालीच राहतात. सरवा वेचणाऱ्यांना त्या मिळतात, मालकाच्या पोत्यात येत नाहीत.

वेल उपटून झाल्यावर बांधावर बसून एकेक शेंग तोडणे हे काम इतके वेळखाऊ आहे, की पिकाच्या एकंदर मजुरीत त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. पूर्वी हे काम पैऱ्याने, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून, किंवा तोडलेल्या शेंगांतील वाटा देऊन होई. बुट्टी भरली की ठरलेला हिस्सा तोडणारीच्या पदरात पडे. रोख मजुरी नसल्याने हा खर्च कोणाला दिसत नसे. आता पैरा ओसरला, मजुरी रोख झाली आणि जो खर्च नेहमीच होता तो प्रथमच दृष्टीस पडला. भुईमूग एकाएकी महाग झाला अशी जी समजूत आहे तिचे एक कारण हे आहे: काम वाढले नाही, त्याची नोंद होऊ लागली.

मळणीयंत्राने शेंगा तोडता येतात. तशी यंत्रे उपलब्ध आहेत आणि वापरातही आहेत. परंतु दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यांसाठी एकट्याने यंत्र घेणे वेडेपणाचे ठरेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्रच १.३४ हेक्टर आहे, आणि त्यातही भुईमुगाच्या वाट्याला कोपराच येतो. म्हणून यंत्र सामाईक, भाड्याने आणि काढणीच्या नेमक्या आठवड्यात गावात हजर असेल तरच त्याचा उपयोग.

६. भावाविषयी थोडेसे

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये जाहीर केला. रोख खर्च व घरच्या श्रमांचे मोल यांच्या दीडपट, असे त्याचे सूत्र आहे. आमच्या नमुन्यात खंड-व्याजासह येणारा खर्च क्विंटलला ६,७५० रुपये पडतो, म्हणजे हमीभाव प्रत्यक्ष मिळाला तर तिसऱ्या उत्तरातही नफा आहे. मात्र हा भाव व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही. मार्केट यार्डात पोत्यात हात घालून मूठभर शेंगा काढल्या जातात, फोडल्या जातात, सुरकुतलेले दाणे बाजूला सारले जातात आणि हवा खाऊन माल किती हलका होईल याचा अंदाज बांधला जातो. त्या मुठीवर साऱ्या पोत्यांचा भाव ठरतो. शंभर किलोंतून सत्तर किलो दाणा निघणार की पासष्ट, हा फरक क्विंटलमागे पाच किलो दाण्यांचा आहे, आणि तो वजन करून सिद्ध करण्याचे साधन विकणाऱ्याजवळ नसते. गावातच शेंगा फोडून दाणा विकला, तर हा वाद मिटतो व टरफलाची वाहतूकही वाचते.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप उसाचा, आणि तो बलवान आहे. उसाला १९६६ च्या नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. रास्त व किफायतशीर दर देणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे आणि चौदा दिवसांत पैसे देण्याची मुदतही ठरलेली आहे. भुईमुगाला असे काहीच नाही, आणि लहान शेतकरी निश्चिततेकडे वळला तर त्याला दोष देणे अनुचित होईल. परंतु तुलना करताना एकरी रकमांची करू नये. आडसाली ऊस जमीन सोळा-अठरा महिने अडवितो, भुईमूग सुमारे चार महिन्यांत मोकळी करतो. पाणी तर उसाला कित्येक पटींनी अधिक लागते. महिन्यागणिक आणि पाण्याच्या पाळीगणिक हिशेब केला तर अंतर बरेच कमी होते. शिवाय या दोन पिकांत वैर नाही. उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून, किंवा खोडवा मोडल्यावर फेरपालट म्हणून भुईमूग घेणे जुने व शास्त्रसंमत आहे. फक्त हुमणी असलेल्या रानात ते जपूनच करावे, कारण ती अळी दोन्ही पिकांची मुळे खाते.

दुसरा आक्षेप सोयाबीनचा. २०२५-२६ च्या खरिपासाठी त्याचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, भुईमुगाहून बराच कमी. तरी शेतकरी त्याकडे वळला, याचे कारण काढणी-मळणी यंत्राने व झटपट होते. हा आक्षेप माझे प्रतिपादन खोडून काढत नाही, उलट पुष्ट करतो. भाव कमी असूनही शेतकरी ज्या पिकाकडे जातो, त्यावरून त्याची खरी अडचण भाव नसून हातांची आहे, हे दिसते.

येथे एक प्रश्न उरतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. तोडणीची मजुरी मालकाच्या वहीत खर्च आहे. ज्या भूमिहीन बाईने ती घेतली तिच्या घरात ती उत्पन्न आहे. यंत्र आले तर पहिली रक्कम घटेल आणि दुसरीही घटेल. सोयाबीन आणि उसाने ती दुसरी रक्कम आधीच पुष्कळ कमी केली आहे, त्याची खंत ‘शेंग परवडत नाही’ म्हणणाऱ्या कोणी केलेली माझ्या ऐकण्यात नाही. म्हणून सामाईक यंत्र घ्यावयाचे झाले तर ते गावातील शेंगा तोडणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या मालकीचे असावे, भाडे त्यांना मिळावे आणि शेंगा फोडण्याचे व दाणा निवडण्याचे कामही त्याच गटाकडे राहावे, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्यासाठी लागणारे कर्ज जिल्हा बँकेच्या दृष्टीने लहान आहे, आणि येत्या खरिपापूर्वी ते मंजूर होण्यात नियमांची कोणतीही अडचण मला दिसत नाही.